पाटीचा गोंडा

हिंगोली, ज्येष्ठ वद्य, रविवार. दिवेलागण.

उद्या शाळा उघडते. आमच्या आळीतल्या बाया आदल्या दिवशी आपल्या लुगड्याच्या पदराच्या दशा काढून लेकराच्या पाटीला गोंडा बांधतात. शाळेत जीव घाबरला की लेकरानं तो मुठीत धरायचा. यंदा मला तो करायचा नव्हता. माझी सुमी चैत्रात तापानं गेली.

तर शेजारची कौसा पाटी घेऊन आली. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. सुमी नि ती वर्गात शेजारी बसायच्या. दारातच रडायला लागली. मी खेकसले, "काहून रडून राहिली? मास्तरीण खाते का तुला?"

"काकू, सुमी न्हाई. मी एकटी कशी जाऊ?"

लेकरावर काहून ओरडले मी? पेटीतलं लाल लुगडं काढलं. सुमीला त्याचाच गोंडा लागायचा. दशा ओढायला बसले.

कौसा म्हणाली, "दोन करा. एक सुमीच्या जागेवर ठेवते. मग तिथं कोणी बसणार न्हाई."

"बसू दे की! नवी पोरगी आली तर तिनं काय दिवसभर उभं राहायचं?"

कौसानं एक दशा बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "तीबी भेत असंल, व्हय ना?"

दुसराही केला, त्याच लाल लुगड्याचा. सांगितलं, तिथं जी बसेल तिच्या पाटीला बांध. पण तिला इतक्यात माझ्या दारी आणू नको. ते मला अजून जमायचं नाही.