मारितच्या नावाच्या फिती

८ ऑक्टोबर १९६१

फिती आल्या! मायदेशी, मिनेसोटातल्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी प्रेमानं विणवून पाठवल्यात. बारा डझन. पांढऱ्यावर लाल अक्षरं — मारित टोलेफसन, ६२. बासष्ट हा तिचा मिशनच्या निवासी शाळेतल्या धुण्याचा नंबर. मोजे, चड्ड्या, रुमाल, टॉवेल, सगळ्यांवर शिवायच्या, आणि जानेवारीत पोरीला मिशनच्या ट्रकमध्ये बसवून द्यायचं. दोन दिवसांचा रस्ता, तीन महिने भेट नाही. वय वर्षं सहा!

थोरल्या कारीनचा नंबर एकतीस. पाच वर्षांपूर्वी तिच्या फिती मीच शिवल्या, एकूण एक. तेव्हा रडले नाही. प्रत्येक टाक्याला प्रार्थना म्हणत होते. वाटायचं, हीच माझी सेवा.

आज सुईत दोरा ओवला आणि ठेवून दिला. नाही शिवणार. बस्स.

९ ऑक्टोबर

आर्नेला सांगितलं. दाढी करत होता, गाल कापून घेतला.

"अगं, नियम आहे. सगळ्यांचीच मुलं जातात."

जातात ना! सहा वर्षं पुरी झाली की घरटी एक ट्रंक निघते. आया हात हलवतात, घरी येऊन दार लावून घेतात, आणि रविवारी उपासनेत एकमेकींना सांगतात — देवाची कृपा आहे, पोरं छान आहेत.

"कारीन रुळली की नाही?" आर्ने म्हणाला. "तिची पत्रं बघ."

हे मात्र खरं. दर रविवारी लिहिलेलं पत्र — मी मजेत आहे, देव चांगला आहे, आज जेवायला खीर होती. मायदेशी मंडळ्यांना आम्ही वर्षातून चारदा प्रार्थनापत्र पाठवतो, त्यात मी ती पत्रं छापते. लोक वाचून डोळे पुसतात म्हणे. पण कारीन मुळातच समजूतदार. मारित झोपताना माझ्या कानाची पाळी धरते. ही नाही राहायची.

१४ ऑक्टोबर

दवाखान्यातला पट्ट्या बांधायचा दोरा संपला. मग काय, फिती काढल्या! आज सात बाळं आणि एक म्हातारबुवा "मारित टोलेफसन, ६२" होऊन घरी गेले. झवादीची आई हसून हसून बाकावर आडवी. ही माझ्याबरोबर बाळंतपणं करते. हात माझ्यापेक्षा हलका, जीभ माझ्यापेक्षा तिखट.

इथं बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. मी कारीनची आई. दिवसातून पन्नास वेळा तिचं नाव कानावर पडतं, आणि ती स्वतः दोन दिवसांच्या रस्त्यावर.

हसणं संपल्यावर झवादीची आई म्हणाली, "खरं सांग कारीनची आई, तुमच्यात पोरं टाकून देतात का गं?"

"टाकून कशाला? शिकायला पाठवतो."

"शिकायला? मग तू अडाणी आहेस का?"

म्हटलं, धाकटीला नाही पाठवणार मी.

"आणि मोठीचं काय?"

"ती रुळलीय."

"हं," म्हणाली आणि कात्री उकळायला गेली. तिचं ते "हं" मला अजिबात आवडत नाही.

२२ ऑक्टोबर

आमचे इथले प्रमुख, रेव्हरंड हाउगेन, त्यांना पत्र टाकलं. तीनच ओळी. मारित शाळेत येणार नाही. मी तिला घरी शिकवीन. दवाखाना बंद पडणार नाही.

आर्नेनं सही केली नाही. नको करू! माझ्या एकटीच्या सहीला काय झालंय?

५ नोव्हेंबर

उत्तर आलं. "प्रिय भगिनी, आपण थकल्या आहात." थकले? गेल्या महिन्यात एकोणीस बाळंतपणं केली, तेव्हा नाही कुणाला मी थकलेली दिसले! खाली मुद्द्याचं — नियम सर्वांना एक. तो मान्य नसेल तर आमचं इथलं काम संपलं असं समजण्यात येईल.

आर्ने पायरीवर बसून राहिला. "बारा वर्षं, सोल्वेग. बारा वर्षं मी इथं काढली."

"आणि मारितनं सहा," म्हटलं.

भीती वाटली. लिहूनच ठेवते, इथं कोण बघतंय! हा दवाखाना, ही लाल माती, झवादीची आई — हे सोडून मिनेसोटाच्या बर्फात मी कोण? एका पाळकाची बायको, कॉफी ओतणारी. प्रभू, तू मला इथं बोलावलंस. पण मारितही तूच दिलीस ना? मग हे आता तुझं तू निस्तर. मी फिती शिवणार नाही.

१८ नोव्हेंबर

हाउगेन स्वतः आले. जीपभर धूळ. कॉफी प्याले, माझा केक वाखाणला आणि मग बायबलातला अब्राहाम काढला. मला ठाऊकच होतं, अब्राहाम निघणार! त्यानं आपला एकुलता एक लेक देवाला बळी द्यायला वेदीवर ठेवला, भगिनी.

"ठेवला," मी म्हटलं. "पण देवानंच त्याचा हात धरला. ते तुम्ही दर वेळी का गाळता? आणि साराला कुणी विचारलं होतं का? पोराची आई होती ती!"

आर्ने कपात बघत बसला. हाउगेनांचे कान लाल.

तेवढ्यात अंगणात बायका. झवादीची आई पुढे, मागे पंधरा-सोळा जणी, पाठीला पोरं बांधलेली. कुणाच्या हातात शेंगा, कुणाच्या हातात कोंबडी. पाहुण्याला भेटायला म्हणे! ती मोठ्यानं बोलली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं. हाउगेनांना इथली बोली येत नाही. त्यांनी आर्नेकडे बघितलं.

"त्या म्हणतात, तुमचं स्वागत असो," आर्ने म्हणाला.

असं? मी उठलेच. "नाही रेव्हरंड, त्या असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, या गोऱ्या लोकांना आपल्या पोरी नको असतील तर आम्हाला द्या. आमच्या घरी ताटात जागा आहे. आणि आम्हाला पोटच्या पोरांना जवळ घ्यायची शिकवण देता, ती आधी स्वतःच्या घरी द्या."

हाउगेन आर्नेला म्हणाले, "असंच म्हणाल्या त्या?"

आर्नेला किती वेळ लागला! शेवटी म्हणाला, "अगदी असंच. उलट माझ्या बायकोनं थोडं सौम्य केलं."

जीपपाशी त्यानं हाउगेनांना अडवलं. म्हणाला, "त्या पत्राखाली माझंही नाव घाला. नाही म्हणणारे दोघं आहोत." मी तिथंच रडले, सगळ्यांच्या देखत. तो माणूस बारा वर्षांत एकदाही कुणाला नाही म्हणालेला नाही.

१९ नोव्हेंबर

कोंबडी शिजवली. चिवट निघाली. सगळ्यांनी खाल्ली.

२ डिसेंबर

कारीन सुट्टीसाठी आली! केवढी उंच! माझ्या खांद्याला लागते. मी धावत गेले. तिनं आधी हात पुढे केला, मग आठवण झाल्यासारखी मिठी मारली. जेवताना विचारते — मी टेबलावरून उठू का? मी बाथरूमला जाऊ का? अगं, घर आहे तुझं! "हो, आई," म्हणाली आणि परवानगी मिळेपर्यंत थांबली. फारच वळण लावलंय शाळेनं.

गादीवर अंथरलेल्या चादरीच्या वर झोपते, आत शिरत नाही. म्हणाली, म्हणजे सकाळी परत घडी घालायला नको.

६ डिसेंबर

व्हरांड्यात दोघी बहिणी. उरलेल्या फिती कारीनला सापडल्या. मारितच्या चड्डीवर शिवत बसली होती. टाके अगदी बारीक, एकसारखे. आणि शिकवत होती.

"पहिल्या दिवशी मेट्रनबाईंसमोर रडायचं नाही. रडून कागद भिजला तर पत्र परत लिहायला लावतात."

"मग कुठं रडायचं?"

"धुण्याच्या खोलीत. नळ सोडून. आणि पत्रात काय लिहायचं ते फळ्यावर असतं, त्याची काळजी करू नकोस. खाली फक्त आपलं नाव घालायचं."

मी दाराआड उभी. हातात पिठाचं भांडं. फळ्यावर! मी छापलेली ती पत्रं! चारशे घरांत वाचलेली!

पुढे होऊन चड्डी हिसकावली, फीत टरकावून काढली. "मारित कुठंही जात नाही!" केवढी ओरडले. कारीन दचकून उभी राहिली, हात पाठीमागे. "चुकले, आई," म्हणाली. तिला वाटलं, तिचे टाके वाकडे झाले. तिची समजूत घालायला हवी होती. पण मी तशीच टेबलाशी गेले आणि मिशन परिषदेला चार पानी पत्र लिहिलं. मेट्रन, फळा, नळ, सगळं. वाचू देत! मारितला त्या शाळेत पाऊल टाकू देणार नाही.

९ डिसेंबर

हा देश आज इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. नवा झेंडा, ढोल, गावजेवण. झवादीची आई नाचून नाचून दमली. "आता आमच्यावर कुणाचा हुकूम नाही, कारीनची आई!" म्हटलं, माझ्यावरही नाही.

कारीन नाचली नाही. पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून होती.

१६ डिसेंबर

ट्रकबरोबर पत्र आलं. परिषदेच्या बारा जणांनी मत दिलं, सात विरुद्ध पाच. मारितला घरी शिकवण्यास परवानगी, एक वर्षापुरती, अपवाद म्हणून. आम्ही इथंच राहतोय!! शाळेबद्दल चौकशीही करणार म्हणे. आर्नेनं मला उचललं, दवाखान्याच्या दारात, पेशंटांसमोर! झवादीची आई ओरडते, "टाक खाली तिला, कंबर मोडेल तुझी!"

जिंकले मी. प्रभू, आभार. सगळ्या बायांना लिहिणार आहे — नाही म्हणून बघा, आभाळ कोसळत नाही! मुलींना उद्या सांगते.

१७ डिसेंबर

मुलींना सांगितलं. मारित अंगणभर नाचली. कारीन पलंगाशी चादरीचे कोपरे दुमडत होती. मान वर न करता म्हणाली,

"म्हणजे — नाही म्हणता येत होतं, आई?"