जावळाआधीची बट

तृप्ती,

तू नको म्हणाली होतीस, तरी ओजसला नदीकाठी नेलं. गवतात लोळला आणि केसांत गोखरू अडकलं. तेल लावूनही निघेना, म्हणून कानामागची बटच कापली. रविवारी जावळ आहे, हे कापल्यावर आठवलं.

बट कागदात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली आहे. जावळाच्या केसांत मिसळून टाक. पहिली कात्री मामाची असते, तेव्हा नामपूरला तुझ्या भावाला काही कळवू नकोस.

पोरगं कात्रीला घाबरत होतं. म्हणून आधी माझी अर्धी मिशी कापून दाखवली. असा खिदळला, की उरलेलीही मीच कापली.

आजोबा-नातू आम्ही बागेत आहोत. कात्री कपाटावर लपवली आहे. आता तो माझ्या भुवया मागतोय.

— आबा