उजवीकडून उघडणारी वही

तीर्थरूप आईस, तुझ्या ज्ञानदाचा वैशाली नगरातून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. संकेतची बँक घराजवळच आहे, भाजीही ताजी मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या जर्मनचा इथे उपयोग झाला बरं का. शेजारच्या नसीमाआपांचे पती कवी होते, तत्त्वचिंतकही. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या वहीत पानोपानी जर्मन कवितांच्या ओळी आणि खाली त्यांची उर्दू उत्तरं आहेत. जर्मन मी समजावते, उर्दू आपा वाचून दाखवतात.

पहिल्या पानांवर अक्षर थरथरतं होतं आणि त्या कवितांमधल्या सैतानाशी कडाडून वाद होता. पुढे अक्षर सुधारलं, वाद मावळला, सैतान चक्क आवडू लागला. मला वाटलं, परदेशी कवींनी त्यांना जिंकलं.

आपाही रोज बदलत होत्या. आधी काठी सुटली, मग चष्मा. परवा केसांत मोगरा माळला होता. मला बरंच वाटलं.

आज शेवटचं पान आलं. त्यावर रोमन अक्षरांत त्यांचं नाव होतं आणि आपांशी लग्न होण्याच्या दोन वर्षं आधीची तारीख. अगं, उर्दू वही उजवीकडून सुरू होते! मी आपल्या सवयीने डावीकडून उघडली होती. ते तरुणपणी भारावले होते आणि म्हातारपणी भांडले होते.

मी ते नाव मोठ्याने वाचलं. आपांनी कोवळ्या आवाजात विचारलं, "ये कौन साहब हैं?"

तू काळजी करू नकोस. उद्यापासून मी वही उजवीकडून वाचायला घेणार आहे. त्या बाजूने येणारं शेवटचं पान तेवढं उघडणार नाही.

तुझीच,
ज्ञानदा