डाव्या हातातली बॅग

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोचले! पोचल्याचा फोन केला तर नवऱ्याने खात्री करायला घड्याळ दोनदा बघितलं म्हणे. टीव्हीवरची हेरगिरीची मालिका आहे. नायिका हेर, दुसऱ्याच बाईच्या नावाने संसार थाटून बसलेली, आणि घरच्यांना काही पत्ता नाही. माझं काम कंटिन्युइटीचं. एकच प्रसंग चार दिवस तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. त्यात कप कुठल्या हातात होता, केस कानामागे होते की पुढे, दार किती उघडं होतं, हे मी टिपून ठेवायचं आणि संहितेत चूक दिसली की समासात लाल पेनाने दुरुस्त करायची. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, मला तर लॉटरीच लागली. दिग्दर्शक बडबड्या, पण मनाने बरा वाटला. लेखिकेला इथे कोणीच पाहिलेलं नाही, असं तो म्हणाला. पानं रोज सकाळी पाकिटातून येतात, दुरुस्त्या त्याच पाकिटातून परत जातात.

घरी आल्यावर आमच्या भिंगरीने, म्हणजे लेकीने, विचारलं की हेर एवढं खोटं बोलते तर तिला कोणी शिक्षा कशी करत नाही. आठ वर्षांची आहे आणि वकिलासारखी उलटतपासणी घेते. मी तिला आधी जेवायला सांगितलं.

५ जून
आज नायिकेचं घड्याळ एका शॉटमध्ये या मनगटावर आणि पुढच्यात त्या. मी पकडलं. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, माझ्या नजरेतून मुंगीही सुटायची नाही म्हणाला. दिवसभर हवेत होते. नवरा म्हणतो, आता त्याला मोजे सापडत नसले की माझ्याकडेच तक्रार नोंदवणार.

७ जून
आजच्या पाकिटात नायिकेचा भूतकाळ आला. एका खोलीत राहणाऱ्या दोन मैत्रिणी, रात्रीची बस, पूल, नदी. एकीला दूरच्या शहरात नोकरी लागलेली आहे. बस पाण्यात कलंडते. दुसरी खिडकीतून बाहेर पडते, आतून मैत्रिणीचा हात पुढे येतो, आणि ही हात न धरता मैत्रिणीची बॅग उचलते.

पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बसचे अपघात काय थोडे होतात, अशी मनाची समजूत घातली आणि कामाला लागले. बॅग उजव्या हातात असं लिहिलं होतं. मी लाल पेनाने लिहिलं, बॅग डाव्या हातात, उजव्या हाताने खिडकीची चौकट धरलेली. पाकीट बंद करून देऊन टाकलं.

घराच्या पायऱ्या चढताना लक्षात आलं. हा प्रसंग अजून चित्रितच झालेला नाही. जुळवायला मागचं काही नव्हतंच. मग डावा हात मी आणला कुठून?

८ जून
इथे तरी खरं लिहिते. बारा वर्षं मी जे नाव लावते ते माझं नाही, ते तिचं आहे, त्या बसमधल्या माझ्या मैत्रिणीचं. मी परीक्षेत आपटले होते, घरी कुठल्या तोंडाने जाणार होते? तिची प्रमाणपत्रं, तिचं नोकरीचं पत्र, सगळं त्या बॅगेत होतं. मी तिचा हात धरून ओढलं असतं तर ती वाचली असती. तेवढा वेळ होता. ती सापडलीच नाही, आणि बुडालेल्यांच्या यादीत माझं नाव लागलं. मी ते लागू दिलं.

नवऱ्याने त्या नावाशी लग्न केलं. भिंगरी वहीवर आईचं नाव म्हणून तेच लिहिते. हे बाहेर आलं तर ही दोघं माझी राहतील का? मला दुसरं कोणीही नाही.

१० जून
पान परत आलं. माझ्या लाल अक्षरांखाली निळ्या शाईत दोनच ओळी. आभार मानलेत. पुढे लिहिलंय, माझ्या डोळ्यांत पाणी गेलं होतं, मला नीट दिसलं नव्हतं.

कागद ओला आहे. दिग्दर्शकाला दाखवला. तो हसला, लेखक मंडळी अशीच चक्रम असतात म्हणाला.

११ जून
नवी पानं. नायिकेचं घर. पडदे आमचे. नवऱ्याचं मोज्यांवरचं बोलणं शब्दन् शब्द.

आज नवऱ्याला सांगायचंच ठरवलं होतं. तो भिंगरीला गणित समजावत होता, दोघं हसत होती. मी दारातूनच परत फिरले. उद्या सांगेन.

१२ जून
फाटकावर रखवालदाराने अडवलं. ओळखपत्रावरचं नाव बरोबर, फोटो माझा नाही म्हणाला. मी बघितला. ती आहे. बारा वर्षांनी मोठी झालेली ती.

दिग्दर्शक बाहेर आला, कोण हवंय असं विचारलं त्याने — मला —

१३ जून
लग्नाचा फोटो. नवरा स्वच्छ दिसतोय. माझ्या जागी नुसता ओला डाग. पुसला, पुन्हा पुसला —

नवरा आज माझ्याशी अहो-जाहो करून बोलला. परक्याशी बोलावं तसं. देवा, मी परवाच का नाही सांगितलं.

१४ जून, दुपार
दाराखालून पान आलंय. शेवटचं दृश्य. घर, दुपार. बेल वाजते, मुलगी दार उघडते. बस, इतकंच.

नवरा बाहेरच्या खोलीत आहे. आत्ता उठते, सगळं सांगते, पाय धरते, काय म्हणायचं ते म्हणू दे मला —

बेल.

भिंगरीला ओरडून सांगितलं, उघडू नकोस. तिने ऐकलंच नाही. मी पुन्हा ओरडले, माझा आवाज मलाच —

कडी काढली.

नवरा हसतोय. इतका उशीर का झाला विचारतोय. नावाने हाक मारतोय, माझ्या, नाही, तिच्या —

भिंगरी नाचत ओरडतेय की आई आली, आई आली. अगं मी इथे आहे, आतल्या खोलीत, भिंगरी, मी तर इथेच —