अंगठ्यांचा बंदोबस्त

साडूभाऊंना सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, कारण असं काहीच नाही. तुमची कंबर कशी आहे? ताईंचा गुडघा जिना चढू देतो का? इकडे आम्ही ठणठणीत. स्टुडिओतला कॉम्प्युटर तेवढा आजारी वाटत होता, आणि त्याला जबाबदार तुम्ही. गेल्या भेटीत तुम्ही 'लपवलेल्या फायली दाखवा' या चौकोनात खूण केलीत आणि खुशाल जेवायला उठलात. कपाट सरकवल्यावर मागून काय काय निघतं, तसं झालं.

फोटोंच्या ज्या फोल्डरात जावं तिथे एकच आगंतुक: थम्ब्स डॉट डीबी. लग्नांत तोच, वाढदिवसांत तोच. थम्ब्स म्हणजे अंगठे, एवढं इंग्रजी मलाही येतं. (डीबी म्हणजे डबा, असं मी धरून चाललो.) कोणीतरी माझ्या अंगठ्यांचे ठसे गोळा करतंय आणि एक दिवस दुकान स्वतःच्या नावावर करून मला अंगठा दाखवणार, हे उघड होतं. ही म्हणाली, "आपलं दुकान घ्यायला एवढं वेडं कोण आहे?" तिला धंद्यातलं कळत नाही.

डबा पुसला. चहा पिऊन येतो तर पुन्हा हजर. इंटरनेटची वायर उपटली, पुसला, तरी हजर. म्हणजे चोर घरातलाच! इथे माझी भीती गेली आणि गंमत वाटू लागली. बिलांच्या फोल्डरात तो नव्हता. रिकाम्या फोल्डरातही नव्हता. मग त्या रिकाम्यात आमच्या मांजराचा एक फोटो टाकला आणि दबा धरून बसलो. (मांजरही शेजारी बसलं.) आला की लेकाचा! आणखी फोटो टाकले, तसा तो लठ्ठ होत गेला. 'घरचे' फोल्डरातला तर मरेचना. 'फाईल वापरात आहे' म्हणून हटून बसला. त्याला मी वाट्टेल ते बोललो. तुमचा नियमही पाळला बरं का: ज्या फायलीच्या नावावर विश्वासच बसत नाही ती आमिष समजावी, उघडू नये, थेट पुसावी. तशी एक सापडलीच. शिफ्ट दाबून कायमची पुसली.

शेवटी अँटिव्हायरसने सगळं चाळलं, आगंतुक निर्दोष! मग त्या नावाबद्दल वाचून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. कॉम्प्युटर स्वतःच प्रत्येक फोटोची अंगठ्याच्या नखाएवढी नक्कल काढून या डब्यात ठेवतो, आणि मूळ फोटो पुसला तरी नक्कल कधी कधी आत तशीच राहते. म्हणजे मी ज्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो, तो माझाच व्यवसायबंधू निघाला. पासपोर्ट साइजवाला!

बाकी क्षेम. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला भेटूच.

तुमचा साडू

ता. क. पंचाहत्तरीला आपण फ्रेम करून देणार आहोत तो फोटो आठवतो ना? टायमर लावून धावत येताना मी स्टुलाला अडखळून आडवा झालो आणि सासूबाई जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर हसल्या, तो. त्या फायलीला हिने परस्पर नाव दिलं होतं, 'आई हसली'. आता तुम्हीच सांगा, मी विश्वास कसा ठेवणार?

ता. ता. क. 'घरचे'मधल्या त्या हट्टी डब्यात मी असे डबे उघडून दाखवणाऱ्या एका प्रोग्रॅममधून डोकावलो. सासूबाई आहेत! नखाएवढ्या आहेत, पण दात दिसतात. मला इतकं बरं वाटलं की मी डब्याची माफी मागितली. माझ्या अंगठेपुराणाला कंटाळून ही उद्या माणूस बोलावून कॉम्प्युटर कोरा करून घेणार आहे, तेव्हा आजच या आणि नखाची फ्रेम होते का ते बघा. फोन ताई उचलतात, म्हणून पत्र पेपरवाल्याच्या हाती पाठवतो आहे. नाहीच जमलं, तर पंचाहत्तरीला मी स्टूल घेऊन येतो.