दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची

सर, तुम्हाला मराठीत लिहितेय. आधी जपानीत लिहायला बसले होते, पण पहिल्याच वाक्यात तुमच्यासाठी कुठलं आदरार्थी क्रियापद वापरायचं यावर अडले आणि सांगायचं ते राहूनच गेलं. मराठी तुम्हाला येत नव्हती. 'चला' आणि 'बास' एवढे दोन शब्द तुम्ही माझ्याकडून उचललेत, आणि 'बास' तर तुम्ही वकिलांबरोबरच्या मीटिंगमध्येही खुशाल वापरायचात. आता तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा भाषेचा प्रश्न तसा उरलेला नाही. सांगायचं एवढंच, की गेले काही आठवडे मी फार घाबरलेली आहे, आणि जिला ही भीती समजावून सांगावी लागली नसती अशी माझ्या ओळखीत एकच व्यक्ती होती.

मी तुमच्याकडे आले तेव्हा आम्ही दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं मिळून राहत होतो. पुण्यात हौसेने शिकलेली जपानी दुबईत कधी कामाला येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जपानी गेम कंपनीच्या छोट्याशा ऑफिसला दुभाषी हवी होती. ऑफिसात सगळे मिळून सहा माणसं, आणि वर तुम्ही. पहिल्याच दिवशी पँट्रीत चहा घेताना मला कळलं की टोकियोच्या मुख्य ऑफिसात तुम्ही अध्यक्षांच्या खालोखाल होतात, तुमच्याजवळ पिढ्यांना पुरेल इतका पैसा होता. मग एवढा मोठा माणूस या वाळूत सहा जणांवर साहेबी करायला का आलाय, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या केबिनला सबंध भिंतभर काच होती आणि काचेतून समुद्राची निळी पट्टी दिसायची. तुम्ही त्या समुद्राकडे पाठ करून बसायचात. खुर्ची दाराकडे तोंड करून, आणि दार कायम उघडं. मला वाटलं, शिस्तीचे असतील, कोण कधी येतंय-जातंय यावर लक्ष ठेवत असतील.

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ड्रॅगन मार्टमधल्या एका व्यापाऱ्याने दुकानात मांडायच्या पुठ्ठ्याच्या स्टँडचा नमुना पाठवला होता. मी तो खोका उचलून तुमच्या टेबलावर ठेवला आणि कात्रीने टेप कापायला लागले. तुम्ही ओरडलात. जपानी माणूस एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. "खाली ठेव! बाहेर जा!" मी मागे वळून बघते तर तुम्ही खुर्चीत नाहीच, दाराच्या फळीमागे भिंतीला चिकटून उभे आहात, चेहरा कागदासारखा. खोक्यातून पुठ्ठाच निघाला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी नवऱ्याला म्हटलं, मी ही नोकरी सोडते. तो म्हणाला, "अगं, एक महिना तरी कर."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जपानी दुकानातून पेअर घेऊन आलात. पिवळे, गोल, एकेक पांढऱ्या जाळीत गुंडाळलेला. पँट्रीतल्या उंच स्टुलावर बसून तुम्ही साल काढत होतात, साल कुठेही न तुटता लांबच लांब खाली लोंबत होती, आणि माझ्याकडे न बघता तुम्ही बोलत होतात. तुमचं गाव कोळशाच्या खाणीचं. खाण बंद पडली तसे वडील शहरात आले. तिथल्या मोठ्या दुकानांच्या गच्चीवर मुलांसाठी नाणं टाकून हलणारे घोडे आणि विमानं असायची, ती दुरुस्त करायचं काम त्यांना मिळालं. शाळा सुटली की तुम्ही त्यांची हत्यारांची पिशवी धरून उभे. पुढे तीच यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही मेकॅनिक म्हणून लागलात. कंपनी व्हिडिओ गेमकडे वळली तेव्हा गेम बनवणारे हुशार पोरगे खूप आले, पण कुठल्या गावातल्या कुठल्या दुकानदाराला काय विकता येईल हे त्यांच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं. अशी एकेक पायरी चढत तुम्ही त्या वरच्या मजल्यावर पोचलात.

आणि मग तो गेम. कित्येक वर्षं कबूल केलेला, लाखो लोक वाट बघत असलेला, अर्धा झालेला गेम तुम्ही बंद करायला लावलात, कारण तो पुरा केला असता तर कंपनी बुडाली असती. कंपनी वाचली. शेअर वर गेले. "ज्या निर्णयाने लोक माझ्या जिवावर उठले," तुम्ही सुरी पुसत म्हणालात, "त्याच निर्णयाने मी श्रीमंत झालो." पत्रं यायला लागली. मग पार्सलं. एकात मेलेली चिमणी होती. मग एक माणूस रोज सकाळी तुमच्या फाटकासमोर येऊन उभा राहायचा. काही बोलायचा नाही, छत्री घेऊन नुसता उभा. पोलीस म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं हा काही गुन्हा नाही. मी विचारलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "मग एक दिवस तो आला नाही. त्या दिवशी मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. फाटकाबाहेर नाही, म्हणजे कुठे आहे?" त्यानंतर तुम्ही घरातली प्रत्येक खोली उघडून पाहिली होतीत, कपाटंसुद्धा. आणि मग तुम्ही जगातलं असं ऑफिस मागून घेतलंत जिथे तुमचा चेहरा कुणी ओळखणार नाही. बागवाला बंगला, गाडी, सगळं तिकडेच. त्या घरात तुमची बायको एकटी, आणि इथे दोन खोल्यांत तुम्ही. तुमच्या ओट्यावर एक पातेलं आणि दोन बश्या असायच्या, मी पाहिल्यात.

तुम्ही गेलात ती सकाळ मला आजही वर्तमानकाळातच दिसते. हृदयाचं ऑपरेशन आहे. तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलंय, आणि डॉक्टरांचं बोलणं तुम्हाला सांगायला मी बाजूने चालतेय. केरळचे डॉक्टर आहेत, प्रेमळ. ते विचारतात, "त्यांना काही विचारायचं आहे का?" मी तुम्हाला जपानीत सांगते. तुम्ही वर छताकडे बघत एकच शब्द बोलता. "कोवाइ." भीती वाटतेय. मी डॉक्टरांकडे वळते तेवढ्यात तुम्ही माझी बाही धरता आणि म्हणता, "हे भाषांतर करू नकोस." मी डॉक्टरांना सांगते, नाही, काही विचारायचं नाही. दार बंद होतं. त्या दारातून तुम्ही परत आला नाहीत.

तुमच्या मिसेस आल्या तेव्हा मी त्यांना हॉटेलवर राहू दिलं नाही, आमच्या घरी आणलं. आमची मुलगी तेव्हा रांगत होती. मी साधा वरणभात केला होता. त्या स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसल्या आणि तिथेच जेवल्या. एवढ्या श्रीमंत माणसाची बायको, पण स्वेटरच्या कोपरावर रफू होतं. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "शेवटी काही म्हणाले का?" तुम्ही डॉक्टरांना सांगायला मनाई केली होतीत, त्यांना नाही. मी सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. वरणाच्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कधीच म्हणाले नाहीत. तो माणूस फाटकाशी उभा राहायचा तेव्हा मी रोज पडद्याआडून बघायचे आणि माझे हातपाय गार पडायचे. हे शांतपणे पेपर वाचायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात भित्री मी एकटीच." तुमच्या पैशाचं त्यांनी काय केलं ते मला पुढे पत्राने कळलं. बंगला विकून त्या तुमच्या खाणीच्या गावी राहायला गेल्या आणि उरलेलं तिथल्या दवाखान्याला देऊन टाकलं. शेजारी सगळे ओळखीचे आहेत, एवढंच कारण लिहिलं होतं.

आता माझं. ऑफिस अबू धाबीला आलं, मी त्याची प्रमुख झाले, आम्ही रीम आयलंडवर राहतो. या वर्षी कंपनीने तुमच्या काळात सुरू झालेला एक ऑनलाइन गेम कायमचा बंद करायचं ठरवलं, आणि या भागातल्या लोकांना ते सांगणाऱ्या व्हिडिओत चेहरा माझा. शिव्या येणार हे धरलंच होतं. अरबीत आल्या, इंग्रजीत, हिंदीत. त्या मी ऑफिसच्या सिक्युरिटीकडे पाठवत गेले. मग एक मेसेज मराठीत आला. "ताई, हसत हसत बंद केलात. काल रीमवर तुमच्या बिल्डिंगखाली बसलो होतो. मुलगी अगदी तुमच्यासारखी चालते, डावा पाय जरा बाहेर टाकून."

सर, मी डावा पाय बाहेर टाकते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलगी स्कूल बसकडे निघाली तेव्हा मी बाल्कनीत उभी राहून पाहिलं. टाकते. परक्या भाषेतली धमकी कागदावर राहते, ही थेट माझ्या माजघरात येऊन बसली. आणि मी काय केलं? कुणाला सांगितलं नाही. नवरा उगाच तडकेल, मुलगी घाबरेल, म्हणून. मुलीला म्हटलं, बस फार फिरून जाते, मीच सोडत जाईन. ती म्हणाली, "ओके," आणि कारण विचारलं नाही. एरवी प्रत्येक गोष्टीला कारण विचारणारी पोर. जेवताना मी दाराकडे तोंड करून बसायला लागले, ते माझ्याआधी नवऱ्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "तुझी जागा का बदललीस?" मी म्हटलं, तिकडे एसीचा झोत येतो.

एका संध्याकाळी मी किचनमध्ये भाजी चिरत होते. पॅसेजमध्ये मुलगी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. आधी वाटलं, फोनवर बोलतेय. मग दिसलं की ती मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडे बघत चालतेय. फरशीची रेघ धरून, डावा पाय आत ओढून, एकेक पाऊल सरळ टाकत. भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी म्हटलं, "काय करतेस गं?" ती थांबली. म्हणाली, "आय रेड इट, आई. युअर मेसेजेस कम ऑन द आयपॅड." आणि मग, खूप हळू, "आय थॉट इफ आय वॉक डिफरंटली, ही वोन्ट नो इट्स मी."

मला तुमच्या मिसेस आठवल्या, वरणाच्या वाटीकडे बघणाऱ्या. मी तिथेच पॅसेजमध्ये खाली बसले, तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "मला खूप भीती वाटतेय. पहिल्या दिवसापासून वाटतेय." ती इतके दिवस दाबून धरलेलं सगळं रडली. चौदा वर्षांची मुलगी, पण माझ्या मांडीत मावेल एवढी लहान झाली होती. नवरा ऑफिसातून आला तसं त्यालाही सगळं सांगितलं. त्याने बूटही काढले नाहीत. "यल्ला, उठा दोघी. आत्ताच्या आत्ता पोलिसात." वाटेत गाडीत मला एवढंच म्हणाला, "एसीचा झोत, नाही का?"

माणूस लवकर सापडला. खलिफा सिटीत राहणारा, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत हिशेब बघणारा. सर, मी त्याला ओळखत होते. आमच्या मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडणारा, आरतीला टाळ वाजवणारा, दोन मुलांचा बाप. माझ्या हातचे उकडीचे मोदक खाऊन "ताई, घरची आठवण आली" म्हणालेला. पोलीस स्टेशनच्या व्हरांड्यात आम्ही समोरासमोर आलो तर त्याने सवयीने हात जोडले. "ताई, मी काही करणार नव्हतो हो. रागात लिहिलं गेलं. कामावरून आलं की तेवढा एक गेम होता मला, बाकी काय आहे इथे?"

मी विचारलं, "तुम्ही खरंच खाली बसला होतात?"

"नाही हो, देवाशपथ. गणपतीत बघितलं होतं दोघींना."

"मग मुलगी कशी चालते ते का लिहिलंत?"

त्याने खाली बघितलं. "खरं वाटावं म्हणून."

तक्रार मागे घ्या म्हणून त्याच्या बायकोचे फोन, मंडळातल्या लोकांचे फोन. नवरा म्हणत होता, अजिबात नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आय जस्ट वॉन्ट इट टु बी ओव्हर." मी मागे घेतली. पुन्हा संपर्क करणार नाही असं त्याने लिहून दिलं आणि तो सुटला. मंडळात आता बायका म्हणतात, फार मोठ्या मनाची बाई. सर, मोठं मन वगैरे काही नव्हतं. केस चालली तर नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा, सगळं गमावणाऱ्या माणसाच्या मनात माझं नाव राहील, या भीतीने मी सही केली. तो आजही खलिफा सिटीतच आहे. मी त्या बाजूच्या दुकानात जात नाही. मुलगी पुन्हा बसने जायला लागली आहे, पण कानात इअरफोन न घालता, आजूबाजूला बघत.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार. वाचून झालं की पुसून टाकीन. एक मात्र तुम्हाला सांगते. काल सकाळी चिपळूणहून आईचा फोन आला. म्हणाली, "आवाज का गं असा? बरी आहेस ना?" मुलगी समोर बसून टोस्ट खात होती, माझ्याकडेच बघत होती. मी आईला म्हटलं, "मजेत आहे गं. इथे एसीने घसा बसतो, बाकी काही नाही."