लालडोळ्याच्या बाटल्या

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज जेवणाच्या सुट्टीत हातात पडलं. डबा खाता खाता वाचलं, पोट धरून हसले आणि घडी करून ॲप्रनच्या खिशात टाकलं. दुपारभर मान खाली घालून बटाट्याच्या रोपांच्या काड्या कापायच्या असतात. खिशात तुझी बडबड असली की मान जरा कमी दुखते. एकोणतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून भल्याभल्या डॉक्टरांना चळाचळा कापायला लावणारी माझी आत्या आता घराच्या मागच्या खोलीत अळिंब्या पिकवते, हे इथे कुणाला खरंच वाटत नाही.

प्रयोगशाळेत मी नक्की करते काय, असं तू तिसऱ्यांदा विचारलं आहेस, म्हणून नीट सांगते. लालडोळ्या नावाचा एक जुना बटाटा आहे. अंगानं पांढरा, डोळ्यांभोवती लाल कडं, आणि चव अशी की नुसता भाजला तरी मीठ मागत नाही. पण वर्षानुवर्षं बटाट्यापासूनच बटाटा लावत गेल्यानं त्यात विषाणू मुरले आणि पीक पार खंगलं. रोपाच्या अगदी शेंड्यात, मोहरीच्या दाण्याहून लहान तुकड्यात, विषाणू बहुतेक वेळा पोचलेला नसतो. असे सत्तर तुकडे मी सूक्ष्मदर्शकाखाली कापले आणि बाटल्यांत गोडसर जेलीवर ठेवले. त्यातले अकरा जगले आणि निरोगी निघाले. आता त्या अकरांचे पेरापेराला तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं महिन्याभरात रोप होतं, मग त्याचे पुन्हा तुकडे. मे अखेर दोन हजार रोपं द्यायचा शब्द साहेबांनी शेतकऱ्यांना दिला आहे.

पण त्या गोड जेलीवर बुरशीही टपून असते. २५ जानेवारीला कापलेल्या साठच्या साठ बाटल्या पाच दिवसांत हिरव्यागार झाल्या. माझं डोकं चालेनासं झालंय. तुझ्या थिएटरातली एखादी युक्ती असेल तर सांग.

माया आहे तशीच ठेव, अळिंब्यांना सगळी वाटून टाकू नकोस.

तुझी
मुंगी

---

१० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. युक्ती कसली मागतेस? स्वच्छतेत युक्ती नसते, शिस्त असते. एका मोठ्या सर्जनला मी तीनदा हात धुवायला परत पाठवलं होतं. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, पण माझ्या निरोपाच्या भाषणात त्यानं तीच गोष्ट सांगितली आणि डोळे पुसले. तेव्हा आधी स्वतःकडे बघ. नखं कापलीस का? केस टोपीत असतात का? काम करताना तोंड चालू असतं का? असणारच, तू आमच्या घरातली आहेस.

दुसरं म्हणजे, अशा गोष्टीचं मूळ यंत्रात नसतं, माणसात असतं. बाटलीला सगळ्यात आधी कोण हात लावतं ते बघ. तुमच्या त्या बाटल्या धुणाऱ्या मावशींचं तू फार कौतुक लिहितेस, प्रत्येक बाटली खिडकीशी धरून बघतात वगैरे. कौतुक राहू दे. डोळ्यांना चकचकीत दिसतं ते निर्जंतुक असतंच असं नाही. त्यांच्यावर लक्ष ठेव आणि साहेबांच्याही कानावर घाल. मी असते तर पहिल्या दिवशीच घातलं असतं.

इकडे भुशाच्या वीस पिशव्या टांगल्या आहेत आणि त्यांतल्या दहाबारांतून अळिंब्यांचे इवले पंखे बाहेर आले आहेत. महिन्याभरापूर्वी लिहायचं टेबलही मी मागच्या खोलीतच नेलं. तिथे गारवा असतो आणि पिशव्यांवर नजरही राहते. चार पिशव्यांवर मात्र मेली हिरवी भुकटी धरली आहे, हात लावला की धुरळा उडतो. झटकून झटकून मला शिंका येतात, पण मी काही हार मानणारी नाही.

लोभ असू दे, आणि नखं कापलेली असू देत.

तुझी
आत्या

---

१५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. वाचल्या वाचल्या नखं बघितली आणि ती मुकाट कापली. पत्र नेहमीच्या जागी, खिशात आहे.

४ तारखेच्या बाटल्याही गेल्या. गंमत म्हणजे ५ पासून पुढच्या सगळ्या ठणठणीत आहेत. रोपं कशी हिरवी, टवटवीत उभी आहेत, बघून जीव निवतो. पण एका दिवसाचं काम गेलं की साहेबांचा चेहरा उतरतो, आणि ते ही रोपांची खोलीच बंद करायची भाषा करू लागतात.

शेवटी आज त्यांच्या केबिनमध्ये गेले. आधी तुझं थिएटरचं सगळं सांगितलं, मग मावशींचं नाव घेतलं. तोंडातून निघालं तेव्हाच जिभेला चटका बसल्यासारखं झालं, पण बोलून गेले होते. साहेबांनी मावशींना तिथल्या तिथे बोलावलं. मावशी एवढंच म्हणाल्या की त्यांनी धुतलेली बाटली पुढे आमच्या त्या मोठ्या कुकरमध्ये, एकशे एकवीस अंशांच्या वाफेत वीस मिनिटं शिजते. त्यांच्या हाताची बुरशी त्यातून जिवंत बाहेर येत असेल तर तिचा सत्कारच करायला हवा. मला हसू आलं, साहेबांना आलं नाही. मावशींचं कंत्राट पंधरा मार्चला संपतं. आणखी एकदा बाटल्या गेल्या तर ते वाढवणार नाही, असं साहेबांनी सांगून टाकलं.

अकरा वर्षं त्या इथे आहेत आणि घरात कमावणारं माणूस त्या एकट्याच. दुपारपासून प्रत्येक बाटली दोनदा धुताहेत. माझ्याशी बोलतात, पण विचारलं तेवढंच.

लोभ कर आणि मी बरोबर केलं असं लिही.

तुझी
मुंगी

---

२१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

बरोबरच केलंस. मन घट्ट कर. मलाही एकदा वॉर्डातल्या एका आयाची तक्रार करावी लागली होती. वाईट वाटतं, पण शिस्त म्हणजे शिस्त. तू आता एक कर. बिघडलेल्या बाटल्या कोणत्या दिवशी कापल्या होत्या, त्या तारखा एकाखाली एक लिहून पाठव. थिएटरात आम्ही तारखांवरून चोर पकडायचो. तुझे ते साहेब नुसते चेहरा पाडून बसतात, त्यानं काय होणार?

अळिंब्यांची पहिली तोडणी झाली. शेजारणींना वाटली, आणि ज्या मला वेड्यात काढत होत्या त्या आता पिशवी घेऊन दारात उभ्या असतात. फक्त ती हिरवी भुकटी आता नऊ पिशव्यांवर पसरली आहे. टेबलावरही बसते, कागद फुंकून मग लिहावं लागतं. पण तोडणीच्या आनंदापुढे तिचं काही वाटत नाही.

तब्येत सांभाळ, माया कमी पडू देऊ नकोस, तारखा विसरू नकोस.

तुझी
आत्या

---

२६ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

१५ तारखेच्याही गेल्या. साहेबांनी मावशींना सांगितलं की पंधरा मार्च हा शेवटचा दिवस. मावशी परत नळाशी गेल्या. थोड्या वेळानं बघते तर बाटल्या घासायचा स्वतःचा ब्रश त्या धुऊन, पुसून, पिशवीत ठेवत होत्या. तो त्यांनी घरून आणलेला होता, हे मला इथल्या माझ्या अकरा महिन्यांत कधी कळलंच नव्हतं.

आत्या, त्यांचं नाव मी घेतलं. ते कसं मागे घ्यायचं?

तू मागितलेल्या तारखा अशा: २५ जानेवारी, ४ फेब्रुवारी, १५ फेब्रुवारी. मला त्यांत काही दिसत नाही. मावशी तर रोजच येतात. मग इतर दिवशीच्या बाटल्या चांगल्या का राहतात?

आज तुझं पत्र आलं म्हणून जरा हुशारी वाटली. ते खिशात ठेवूनच साठ बाटल्या कापल्या.

माझ्यावरचा लोभ ओसरू देऊ नकोस, सध्या मला त्याची गरज आहे.

तुझी
मुंगी

---

२ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर लाल पेन्सिलीनं लिहिलंय ते पाळलंस ना? गेटबाहेरच वाच आणि वाचून झाल्यावर हात धू. खिशात तर मुळीच ठेवू नकोस.

तुझी पत्रं मी पत्र्याच्या डब्यात ठेवते. तारखा पडताळायला ती काढून बसले. २५ जानेवारीचं पत्र, पहिलीच ओळ: तुझं पत्र आज मिळालं. ४ फेब्रुवारीचं, तेच. १५ चंही तेच. आणि तीनही पत्रांत तू लिहिलंस की ते खिशात आहे. मग २६ चं काढलं, त्यातही तेच. समोर नऊ पिशव्या हिरव्या भुकटीनं भरलेल्या, टेबलावर भुकटी, कागदावर भुकटी. ती भुकटी म्हणजे बुरशीचं बीजच. ते मी घडी घालून, तिकीट लावून तुला पाठवत होते, आणि तू ते छातीशी धरून बाटल्यांवर वाकत होतीस.

मुंगे, चोर सापडला. चोर मीच आहे. सर्जनला तीनदा परत पाठवणारी बाई बुरशीच्या खोलीत बसून पत्रं लिहिते, आणि वर दुसऱ्या बाईच्या हातांवर बोट ठेवते. मला लाज वाटते. त्या आयाची तक्रार केली होती, तीही आता डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, पुरावा घे. माझं जुनं पत्र जेलीच्या एका उघड्या बशीवर झटक, आणि मावशींनी धुतलेल्या, कुकरमधून निघालेल्या बाटलीत उकळलेलं पाणी खळबळून ते दुसऱ्या बशीत घाल. दोन्ही झाकून ठेव. २६ च्या बाटल्या एव्हाना हिरव्या झाल्या असतील आणि २७ च्या नसतील, कारण ॲप्रन तुम्ही रोज धुतलेला घालता. पंधरा तारखेच्या आत साहेबांना दाखव आणि माझं नाव सांग. मोठ्यानं सांग.

सगळ्या पिशव्या मी खड्ड्यात पुरल्या, खोली धुतली, टेबल पुढच्या खोलीत आणलं. हे पत्र अंघोळ करून लिहिलंय आणि वर इस्त्रीही फिरवली आहे. सोबत दुसरं बंद पाकीट आहे. ते मावशींना दे, तू वाचू नकोस.

लोभ राहिला असेल तर कळव.

तुझी
आत्या

---

१२ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लोभ कुठे जातो गं? उलट मी गेटबाहेर उभी राहून इतकी हसले आणि रडले की पहारेकऱ्यानं खुर्ची आणून दिली.

तू म्हणालीस तसंच निघालं. २६ च्या साठ बाटल्या हिरव्या, २७ ची एकही नाही. दोन बश्या पाच दिवस ठेवल्या. मावशींची बशी आरशासारखी स्वच्छ राहिली आणि तुझ्या पत्राच्या बशीवर हिरवळ माजली. साहेबांनी दोन्ही बश्या खिडकीशी नेऊन बघितल्या. मग त्यांनी विचारलं की तुझी आत्या एवढ्या नियमानं सगळ्यांनाच लिहिते का. आणि लगेच कंत्राटाचा कागद काढून सही केली.

मी त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. जिन्याखालच्या दोन खोल्या, दोरीवर वाळत घातलेले रुमाल एका मापात. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या की नाव घेताना मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, तेच त्यांना जास्त लागलं होतं. मग आत बोलावलं, बसवलं, आणि माझे हात उजेडात धरून नखं बघितली.

दुसऱ्या दिवशी त्या सुई-दोरा घेऊन आल्या आणि सगळ्या ॲप्रनचे खिसे शिवून टाकले, साहेबांच्यासुद्धा. आजघडीला साडेसहाशे रोपं उभी आहेत. मे अखेर दोन हजार होतील, आता मला शंका नाही. तुझं पाकीट मावशींना दिलं. उत्तर आपलं आपण पाठवीन म्हणाल्या.

माझी पत्रं डब्यात ठेवतेस तशीच मला मनात ठेव.

तुझी
मुंगी

---

१४ मार्च

श्रीमती आत्याबाईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पाकीट मिळालं. हाताला चांगलं जड लागलं, बरंच लिहिलं असणार. पण आता इथे नियम केला आहे की बाहेरून आलेली वस्तू आधी कुकरमध्ये जाईल. नियम मीच केला, म्हणून मीच मोडणं बरं नाही. पाकीट न फोडता बाटल्यांबरोबर वीस मिनिटं वाफवलं.

तुम्ही शाईच्या पेननं लिहिता हे मला माहीत नव्हतं. सगळे कागद निळे होऊन निघाले. खिडकीशी धरून बघितले, बाटली बघते तसे. शेवटी दोन शब्द तेवढे राहिलेत: चूक माझी. बाकी काय लिहिलं होतं ते विचारणार नाही आणि तुम्ही पुन्हा लिहूही नका. अकरा वर्षांत हे दोन शब्द मला कुणी लिहून दिले नव्हते. तुमच्या भाचीनं तोंडी दिले, तुम्ही लेखी दिलेत, माझं भागलं.

अळिंब्या सोडून दिल्यात असं मुंगीताई म्हणाल्या. सोडू नका. तुम्ही भुसा नुसता भिजवून भरत असणार. आधी तासभर उकळत्या पाण्यात ठेवा, निथळू द्या, मग भरा. बुरशीला पाण्याचं नाही, चटक्याचं भय असतं.

तो कागद वाळवून ठेवलाय. आता तो इथल्या कुठल्याही वस्तूइतका निर्जंतुक आहे, खिशात ठेवला तरी चालला असता. पण खिसे मीच शिवून बसले, म्हणून धुतलेल्या बाटल्यांच्या फळीवर उभा करून ठेवला आहे.

भाचीला पत्रं पाठवत जा, ती वाट बघते. वाफ द्यायला मी आहे.

आपली,
बाटल्या धुणारी